ओल घरात, दमा छातीत

सरकारी खरेदी केंद्रावर कापसाची गाडी आली की आधी ओलावा मोजतात. यंत्राची टोचणी ढिगात खुपसायची आणि आकडा वाचायचा. सीसीआयचा, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाचा, नियम सरळ आहे. आठ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, त्यापुढे बारा टक्क्यांपर्यंत कपात करून भाव, आणि बाराच्या वर गेला तर गाडी परत. 2025 च्या सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात जो पाऊस झाला, त्यानंतर या आकड्यावरून केंद्रांवर किती वाद झाले ते बीड जिल्ह्याला सांगायला नको. बोंडे झाडावरच सडली. जो कापूस हाती आला, तो पिवळट आणि जड होता.

परत आलेली ही गाडी जाते कुठे? वडवणी तालुक्यातल्या कोणत्याही गावात याचे उत्तर एकच मिळेल. घरात. खोलीत ओतायचा, चार दिवस ऊन बघून अंगणात पसरायचा, ढग आले की पुन्हा आत. सरकारला जो कापूस विकत घ्यायला ओला वाटतो, तो माणसांच्या झोपायच्या खोलीला चालतो. त्या खोलीत दम्याचा रुग्ण असेल तर पुढचे महिने कसे जातात, हा या लेखाचा विषय आहे.

ओला नसलेला कापूसही घरातच असतो, आणि त्यामागे हिशेब आहे. 2022 च्या सुरुवातीला कापसाने क्विंटलला दहा हजारांचा टप्पा ओलांडला होता. पुढच्या हंगामात तोच भाव पुन्हा येईल म्हणून लोकांनी माल राखला. भाव सात हजारांकडे घसरत गेला आणि कापूस उन्हाळ्यापर्यंत घरातच राहिला. घरभर खाज सुटल्याच्या, लेकरांच्या अंगावर पुरळ उठल्याच्या बातम्या त्या वर्षी याच वर्तमानपत्री पानांतून आल्या. खाजेची बातमी होते, कारण ती दिसते. रात्री तीन वाजता उठून खाटेच्या कडेला बसलेली, दोन्ही हात मांड्यांवर टेकून श्वास ओढणारी बाई कोणाला दिसत नाही.

अशी एक बाई डोळ्यासमोर आणा. वय पस्तीस. दिवसभर कापूस वेचते, संध्याकाळी पऱ्हाट्या जाळून चुलीवर स्वयंपाक करते, आणि दोन खोल्यांच्या घरात छताला टेकलेल्या कापसाच्या ढिगाशेजारी दोन लेकरांना घेऊन झोपते. दिवाळीपासून खोकला आहे. पहाटे छातीत शिट्टी वाजते, दिवस वर आला की बरे वाटते. दम फारच लागला की दवाखान्यात जाऊन सुई घेते, दोन-चार दिवस बरे जातात. थंडीमुळे आहे, धूळ लागली, अंगात रक्त कमी आहे, असे तिला सांगितले जाते. ती कुठे झोपते, हे तिला कोणी विचारत नाही. डॉक्टरही बहुतेक वेळा विचारत नाहीत.

दम्यात श्वासनलिकांना आतून सूज असते. ही सूज वर्षभर थोडीफार राहते. एखादी गोष्ट त्या नलिकांना डिवचते तेव्हा भोवतीचे स्नायू आवळतात, चिकट कफ साठतो आणि हवा बाहेर पडताना अडते. शिट्टी वाजते ती त्यामुळे. डिवचणाऱ्या गोष्टी माणसागणिक वेगळ्या असतात. एखाद्याला अगरबत्तीचा धूर सोसत नाही, एखाद्याला फोडणीचा ठसका. बुरशीचे बीजाणू मात्र या यादीत वरच्या जागेवर आहेत. ते डोळ्याला दिसत नाहीत, काही इतके बारीक असतात की नाकात न अडता थेट खालच्या नलिकांपर्यंत पोचतात, आणि ते कुठून येतात हे रुग्णाला कळत नाही.

मराठवाड्याच्या हवेत हे बीजाणू आहेत ही काही नवी माहिती नव्हे. मराठवाडा विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक असलेले एस. टी. टिळक यांनी 1970 च्या सुमारास हवा ओढून तिच्यातले कण चिकट पट्टीवर टिपणारे यंत्र तयार केले. 'टिळक एअर सॅम्पलर' या नावाने ते देशभरातल्या हवाजीवशास्त्राच्या प्रयोगशाळांत वापरले गेले. टिळकांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी इथल्या पिकांवरची हवा तपासली आणि अजिंठ्याच्या लेण्यांतलीही, कारण तिथली चित्रे बुरशीने खराब होत होती. भिंतीवरच्या चित्रांसाठी जी काळजी घेतली गेली, तिचा थोडासा भाग त्या भिंतींच्या मुलखात राहणाऱ्या छात्यांच्या वाट्याला आला असता तर बरे झाले असते.

या बुरशींपैकी एक शेतकऱ्याच्या ओळखीची आहे. अल्टरनेरिया. कापसाच्या पानांवर तपकिरी गोल ठिपके पाडणारी ही बुरशी, तिच्यावर कोणते औषध फवारायचे हे कृषी विद्यापीठाच्या सल्ल्यात दर खरीपात छापून येते. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी 1991 मध्ये श्वास एकाएकी बंद पडलेल्या 11 तरुण दमेकऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या दहा जणांना अल्टरनेरियाची अ‍ॅलर्जी निघाली. ज्यांचा दमा इतका कधी बिघडला नव्हता त्यांच्यात हेच प्रमाण तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास होते. पिकाची पाने वाळतात, काढणी-मळणी सुरू होते तेव्हा हिचे बीजाणू मोकळे सुटतात. आपल्याकडे तो काळ आश्विन-कार्तिकाचा. कोजागरीच्या चांदण्यात ठेवलेल्या खिरीतून दम्याचे औषध घ्यायला गावोगावचे लोक रात्र जागवतात, तोही हाच काळ. खीर प्यायल्यावर काही आठवड्यांत मळणी संपते, धूळ खाली बसते, काहींना आराम पडतो आणि श्रेय खिरीला जाते.

शेतातली हवा कोणाच्या हातात नाही. घरातली थोडी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2009 मध्ये घरातली ओल आणि बुरशी यांवर वेगळी मार्गदर्शिका काढली. इतके बीजाणू चालतील, तितके चालणार नाहीत, असा आकडा तिच्यात नाही, कारण तो ठरवता येत नाही. तिचा सांगावा एवढाच की ओल दिसली, वास आला, की ती काढा. बुरशी मोजत बसू नका. काढल्याने उपयोग होतो का? अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरात 62 दमेकरी मुलांच्या घरांवर हे तपासले गेले. अर्ध्या घरांची गळती आणि ओल दुरुस्त केली, बाकीच्यांना फक्त सल्ला दिला. औषधोपचार दोन्ही गटांना सारखे. 2006 मध्ये निष्कर्ष आले. दुरुस्तीनंतरच्या काळात दुरुस्त घरांतल्या 29 पैकी एका मुलाचा दमा उसळला, दुसऱ्या गटातल्या 33 पैकी 11 मुलांचा. गवंड्याचे काम इथे औषधाच्या जोडीने उभे राहिले.

इंग्लंडमध्ये मात्र एका लेकराचा जीव गेल्यावर जाग आली. रॉचडेल गावात सामाजिक गृहसंस्थेच्या घरात राहणारा अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा डिसेंबर 2020 मध्ये गेला. घरातल्या बुरशीच्या दीर्घ संपर्काने त्याची श्वसनसंस्था निकामी झाली, असा निर्णय 2022 मध्ये मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने दिला. त्याच्या वडिलांनी तक्रार केली होती, तेव्हा बुरशीवर रंग मारा असे त्यांना सांगण्यात आले होते. आता तिथे 'अवाबचा कायदा' आहे. ऑक्टोबर 2025 पासून अशा घरमालक संस्थांना ओल-बुरशीची तक्रार ठरलेल्या मुदतीत निकाली काढावी लागते.

आपल्याकडे घरमालक आपणच, मग तक्रार कोणाकडे करायची? प्रश्न खरा आहे, पण पूर्ण खरा नाही. प्रधानमंत्री आवास योजनेचे ग्रामीण घरकुल सरकारच्या पैशाने आणि सरकारी अभियंत्याच्या तपासणीने उभे राहते. त्याचे किमान क्षेत्र स्वयंपाकाच्या जागेसह 25 चौरस मीटर. एवढ्यात माणसे राहतील, पण वीस क्विंटल कापूस आणि सोयाबीनची पोती कुठे राहणार? शेतकऱ्याच्या घरात शेतमाल येतो ही गोष्ट नकाशा काढताना कोणाच्या लक्षात आलेली दिसत नाही. काळ्या जमिनीतली ओल भिंतीत वर चढू नये म्हणून जोत्यावर जो थर द्यायचा असतो, तो हप्ता वेळेवर आला नाही की पहिल्यांदा गाळला जातो. मग तिसऱ्या पावसाळ्यात हातभर उंचीपर्यंत गिलावा फुगतो आणि कपाटामागे काळी नक्षी उमटते. जुन्या माळवदाच्या घरांत दर उन्हाळ्यात वर माती टाकून गळती बंद करण्याची रीत होती. ते कष्टाचे काम होते, पण ठरलेले होते. स्लॅबच्या घराला अशी काही रीतच लागली नाही.

शेतमालाच्या साठवणीचा प्रश्न आरोग्याचा आहे, हे म्हणूनच ठासून सांगायला हवे. सोयाबीन, तूर यांसाठी 1990-91 पासून राज्याच्या पणन मंडळाची शेतमाल तारण योजना आहे. बाजार समितीच्या गोदामात माल ठेवायचा, त्यावर कर्ज उचलायचे आणि भाव आल्यावर विकायचा. तशी सोय कापसाला गावाच्या जवळ मिळाली तर भावाची वाट घराबाहेर बघता येईल. या मागणीसाठी आजवर शेतकरी नेते बोलले आहेत. तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्यानेही बोलावे, इतके ते दम्याच्या औषधाइतकेच कामाचे आहे.

जिनिंगमधल्या कामगाराची गोष्ट थोडी वेगळी. कापसाच्या धुळीत पानांचा चुरा, माती, जिवाणूंची विषद्रव्ये आणि बुरशी असे सगळे असते. वर्षानुवर्षे ती ओढणाऱ्यांना बिसिनोसिस हा आजार होतो. त्याची खूण चमत्कारिक आहे. सुटीनंतर कामावर आल्याच्या पहिल्या दिवशी छाती सर्वांत जास्त आवळते, पुढे आठवडाभर कमी होत जाते. गिरण्यांच्या गावांत त्याला सोमवारचा ताप म्हणत. कारखाना कायद्यात सरकारला कळवायच्या आजारांच्या यादीत तो होता, आणि कळवण्याची जबाबदारी तपासणाऱ्या डॉक्टरवरही होती. प्रत्यक्षात रुग्ण हंगामी, रोजंदारीवर. तो 'खोकला' म्हणून येतो आणि 'खोकला' म्हणूनच वहीत लिहिला जातो. तरी जिनिंगच्या धुळीवर निदान कागदावर कायदा आहे. घरातल्या ढिगाला निरीक्षक नाही.

दमा कामामुळे आहे की घरामुळे, हे ओळखण्याचे साधन स्वस्त आहे. पीक फ्लो मीटर नावाची एक नळी मिळते. तिच्यात जोराने फुंकायचे आणि काटा कुठे थांबला ते वहीत लिहायचे. सकाळी, कामावर, घरी आल्यावर, झोपताना. दोन-तीन आठवडे असे लिहिले, त्यात काही दिवस सुटीचे आले, की नक्षा दिसू लागतो. कामाच्या दिवशी आकडा घसरतो की घरी राहिल्यावर? बहिणीकडे आठ दिवस राहून आल्यावर वाढला का? ही वही घेऊन अंबाजोगाईच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा बीडच्या जिल्हा रुग्णालयात गेले तर डॉक्टरचे निम्मे काम झालेले असते.

सगळा दम दम्याचाच असतो असेही नाही. हृदयविकार, चुलीच्या धुराने झालेला फुप्फुसांचा आजार, क्षयरोग, हे सगळे खोकला आणि धाप घेऊन येतात. एक गफलत तर वारंवार होते. दम्याच्या काही रुग्णांत अ‍ॅस्परजिलस ही बुरशी श्वासनलिकांतल्या कफात ठाण मांडते. तिच्याशी शरीराची तीव्र अ‍ॅलर्जी जुंपते, तपकिरी गुठळ्यांसारखा कफ पडतो, कधी रक्त दिसते, आणि एक्स-रेवर डाग येतात. डाग दिसला की टीबीचे निदान आणि सहा महिने गोळ्या, असे देशभरात असंख्य रुग्णांचे झाले आहे. थुंकीत जंतू सापडले नाहीत, औषधाने फरक नाही आणि मुळात दमा आहे, अशा वेळी रक्तातली आयजीई तपासणी आणि अ‍ॅस्परजिलसच्या अ‍ॅलर्जीची चाचणी मागावी. उपचार वेगळे आहेत आणि उशीर झाला तर नलिका कायमच्या रुंदावतात.

उपचारांत आपले गाडे अडते ते पंपापाशी. पंपाची सवय लागते, पंप हा शेवटचा उपाय आहे, पंप लावला तर मुलीचे लग्न अडेल, असे सगळे ऐकू येते. जगातल्या दमेकऱ्यांपैकी साधारण 13 टक्के भारतात आहेत, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी 40 टक्क्यांहून जास्त भारतात होतात, असा 2019 च्या जागतिक आजारभाराचा अंदाज सांगतो. या तफावतीचे मोठे कारण म्हणजे सूज कमी करणारे श्वासातून घ्यायचे औषध न घेता गोळी, सुई किंवा नुसता नलिका मोकळ्या करणारा पंप यांवर भागवणे. 2019 मध्येच 'ग्लोबल इनिशिएटिव्ह फॉर अस्थमा' या जागतिक मार्गदर्शक गटाने स्पष्ट केले की नुसत्या साल्ब्युटामॉलवर दमा सांभाळणे धोक्याचे आहे, सोबत स्टेरॉइडचा पंप हवाच. पंपातल्या स्टेरॉइडची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते आणि ती नलिकांतच काम करते. सुईतून, गोळीतून जाणारी मात्रा तिच्या अनेक पटींनी असते आणि सगळ्या अंगात फिरते. म्हणजे ज्याला लोक घाबरतात ते सौम्य आणि ज्याला सरावलेत ते जड. पंप घेतल्यावर चूळ भरावी, एवढे पथ्य. लेकराला पंप ओढता येत नसेल तर स्पेसर लागतो. तो मिळाला नाही तर अर्ध्या लिटरच्या प्लास्टिकच्या बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाएवढे भोक पाडून, फट बंद करून तसाच वापरता येतो. दक्षिण आफ्रिकेतल्या डॉक्टरांनी दम्याच्या झटक्यात आलेल्या मुलांवर हे तपासले आणि 1999 मध्ये प्रसिद्ध केले. बाटली विकतच्या स्पेसरच्या तोडीस तोड निघाली.

एक वाक्य पूर्ण बोलता येत नाही, ओठ निळसर पडले, पंपाने दहा-पंधरा मिनिटांत फरक नाही, तर गाडी शोधावी. सकाळची वाट बघू नये.

राहिली खोली. कापूस घरातच ठेवावा लागणार असेल तर रुग्ण आणि लेकरे दुसऱ्या खोलीत झोपवावीत. दोनच खोल्या असतील तर कापसाची खोली कोणती हे आधी ठरवावे, रोज थोडा इकडे थोडा तिकडे करू नये. ढीग थेट फरशीवर नको. खाली फळ्या किंवा बाज, वर ताडपत्री, आणि भिंतीपासून वीतभर अंतर. ओला कापूस झाकला तर आतून तापतो आणि बुरशी जोर धरते, म्हणून आधी वाळवणे आणि मगच झाकणे. भिंतीवरची बुरशी कोरड्या खराट्याने झाडू नये, त्याने ती सगळ्या घरभर उडते. ओल्या फडक्याने, साबणाच्या पाण्याने पुसावी आणि पंखा लावून जागा वाळवावी. ब्लिचिंग पावडरमध्ये अ‍ॅसिड मिसळण्याचा प्रकार काही घरांत चालतो. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि दमेकऱ्याला तो थेट रुग्णालयात पोचवतो. हे पुसण्याचे काम रुग्णाने करायचे नाही. घरातल्या पुरुषांनी केले तरी चालते. गळती बंद न करता रंग मारला तर पैसे गेले म्हणून समजावे.

मळणीच्या वेळी यंत्राच्या वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभे राहावे. तोंडाला बांधलेल्या रुमालाने जाडी धूळ अडते, बीजाणू अडत नाहीत; एन-95 मास्क अडवतो, पण तो उन्हात दिवसभर कोणी लावून राहील ही अपेक्षा अवास्तव आहे. भुसकट ओढण्यापुरता, कडब्याची काळी पडलेली गंज फोडण्यापुरता लावला तरी पुष्कळ झाले.

दसरा-दिवाळीनंतर या तालुक्यातली कितीतरी माणसे कारखान्यांना ऊसतोडीला जातात. दमेकरी कोयत्याबरोबर औषध किती जाते? बहुधा एक पंप, तोही अर्धा. फडाजवळच्या कोपीत तो महिनाभरात संपतो, मुकादमाची उचल अंगावर असल्याने परत येणे जमत नाही, आणि नव्या गावातला डॉक्टर पुन्हा सुईपासून सुरुवात करतो. ग्रामीण रुग्णालयातून निघतानाच अशा रुग्णाला तीन महिन्यांचे पंप आणि औषधांची नावे लिहिलेला कागद हातात मिळायला हवा. अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत हे पंप आहेत. यादीतले औषध खिडकीवर येईपर्यंतचा पाठपुरावा करणे बाकी असते.

आणि एप्रिलमध्ये माणसे परत येतात तेव्हा पाच-सहा महिने बंद असलेले घर उघडायचे असते. आत उंदरांनी फोडलेली ज्वारीची पोती, गेल्या पावसाची ओल धरलेल्या वाकळा, कोपऱ्यात राहिलेला कापूस. दार-खिडक्या उघडून दुसऱ्या कोणी तरी आत जावे, वाकळा दिवसभर कडक उन्हात टाकाव्यात, फरशी ओल्या फडक्याने पुसून घ्यावी. तोवर दमेकऱ्याने बाहेर लिंबाखाली बसावे.